अनुभव धागा: कॅनडा-अमेरिका, तुमच्या आजूबाजूला लोक काय बोलतात?

मिसिसागा, ऑन्टारियो (धागाकर्ती)

मंडळी, वर्ष सरत आलं. २०२५ मध्ये कॅनडा आणि अमेरिकेत जे काही झालं (अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी कॅनडाच्या मालावर लावलेलं आयातशुल्क, कॅनडाला अमेरिकेचं ‘एक्कावन्नावं राज्य’ करण्याची त्यांची भाषा, कॅनडाचं उलट शुल्क) त्यावर वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने लिहून आले. मला हवं आहे ते त्यात न आलेलं: घरातलं, दुकानातलं, डबा खाताना कानावर पडलेलं. आपली माणसं सीमेच्या दोन्ही अंगांना आहेत. बृहन्महाराष्ट्र मंडळसुद्धा दोन्हीकडच्या मंडळांचं मिळूनच आहे. म्हणून इथे विचारतेय.

माझ्यापासून सुरुवात करते. २ फेब्रुवारीला लेकाला बास्केटबॉलचा सामना दाखवायला टोरोंटोत घेऊन गेले होते. आदल्याच दिवशी कॅनडाच्या मालावर २५ टक्के आणि तेल-विजेवर १० टक्के आयातशुल्काच्या आदेशावर वॉशिंग्टनमध्ये सही झाली होती. अमेरिकेचं राष्ट्रगीत सुरू झालं आणि लोकांनी हुर्यो उडवायला सुरुवात केली. गाणारी मुलगी अवघी पंधरा वर्षांची. मी लेकाला लहानपणापासून शिकवलंय की गीत कुणाचंही असो, उभं राहायचं, तोंड बंद ठेवायचं. आम्ही तसेच उभे राहिलो. शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ होते. त्यांनी टोपी काढून छातीशी धरली, ओरडले नाहीत. पण ‘ओ कॅनडा’ सुरू झालं आणि त्यांचा आवाज फुटला. घळघळा रडत होते ते. परतीच्या ट्रेनमध्ये लेक म्हणाला, “आई, आपण त्यांच्यावर रागावलोय का?” मला ‘हो’ म्हणवेना आणि ‘नाही’ही म्हणवेना.

नंतर प्यू रिसर्चची पाहणी वाचली. अमेरिकेबद्दल चांगलं मत असणारे कॅनडियन २०२४ मध्ये ५४ टक्के होते, ते २०२५ मध्ये ३४ टक्क्यांवर आले. त्याहून मला लागलं ते दुसरं: आपला सर्वांत महत्त्वाचा मित्रदेश कोणता, याला निम्म्याहून जास्त लोकांनी अमेरिका म्हटलं, आणि सर्वांत मोठा धोका कुणाकडून, यालाही निम्म्याहून जास्त लोकांनी अमेरिकाच म्हटलं. परक्याबद्दल असं कुणी बोलत नाही. भाऊबंदांबद्दलच बोलतात.

दोन विनंत्या. नेत्यांना शिव्या नकोत, त्याला इतर जागा आहेत. आणि कामाच्या ठिकाणांची नावं टाळा. बाकी मोकळेपणाने लिहा, लांबलं तरी चालेल.

सरे, ब्रिटिश कोलंबिया

ताई, बरं झालं धागा काढलात. मी मूळचा बांद्याचा. पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात पेट्रोल भरून यायचं, हे आमच्या अंगवळणी पडलेलं. त्यामुळे २००९ साली इथे आलो आणि पहिल्याच शनिवारी शेजारी म्हणाला, “चल, सीमेपलीकडे बेलिंगहॅमला टाकी भरून येऊ,” तेव्हा मला एकदम गावी आल्यासारखं वाटलं. पंधरा वर्षं हा आमचा नेम होता. पेट्रोल, दूध, चीज, मुलांचे बूट. आणि येताना अमेरिकेतल्या सीमेलगतच्या ब्लेनला थांबून पार्सल उचलायचं, कारण कित्येक अमेरिकन दुकानं कॅनडात माल पाठवत नाहीत किंवा पाठवायचे भरमसाट पैसे घेतात. ब्लेनमध्ये नुसती पार्सलं ठेवून घेणारी दुकानं आहेत, आणि गिऱ्हाईक बहुतेक आमच्याकडचं.

सीमेवर पीस आर्च आहे, १९२१ साली बांधलेली पांढरी कमान. एका अंगाला कोरलंय ‘एकाच आईची लेकरं’, दुसऱ्या अंगाला ‘एकोप्याने नांदणारी भावंडं’. आत लोखंडी दारं आहेत, भिंतींना पक्की जखडलेली, आणि वर लिहिलंय की ही दारं कधीही बंद न होवोत. कोव्हिडमध्ये नाके बंद होते तेव्हाही कमानीच्या बागेत दोन्हीकडची माणसं येऊन भेटायची. गवतावर तंबू ठोकून आजी-आजोबा नातवंडांना खेळवताना मी पाहिलेत.

जानेवारीनंतर मी पलीकडे गेलेलो नाही. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, पाय उचलत नाही. एप्रिल-मे महिन्यांत गाडीने जाऊन परत येणाऱ्या कॅनडियनांची संख्या आदल्या वर्षाच्या मानाने एक तृतीयांशाहून जास्त घटली, असं सरकारी आकडे सांगतात. मी त्या आकड्यातला एक.

जूनमध्ये त्या पार्सलवाल्या बाईंचा फोन आला. मला वाटलं जुनं पार्सल राहिलंय. त्या म्हणाल्या, “पार्सल नाहीये. तू दर शनिवारी यायचास, बरा आहेस ना एवढंच विचारायचं होतं.” मग म्हणाल्या, “मी ट्रम्पना मत दिलं नव्हतं.” मी म्हटलं, “मला माहीत आहे.” त्या गप्प झाल्या आणि मीही. दोन मिनिटं आम्ही दोघं नुसते फोन धरून होतो. त्यांनी एका मदतनीस मुलीला कमी केलंय, हे नंतर दुसऱ्याकडून कळलं. माझ्या न जाण्याने वॉशिंग्टन डीसीत काही हललं का, कोण जाणे. ब्लेनमधली एक नोकरी गेली, हे मात्र खरं. तरीही मी जात नाहीये. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि त्याचा मला फार त्रास होतो.

ओकव्हिल, ऑन्टारियो

अमेरिकन माल टाळायचा म्हणून आमच्या घरी लेबल वाचणं सुरू झालं. ‘प्रॉडक्ट ऑफ कॅनडा’ म्हणजे जवळजवळ सगळं इथलंच, किमान ९८ टक्के. ‘मेड इन कॅनडा’ला ५१ टक्के पुरतात. हे मला बावीस वर्षांत माहीत नव्हतं, माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला आता तोंडपाठ आहे. संत्री मोरोक्कोची आणि इजिप्तची घेतो. ४ मार्चला ऑन्टारियोतल्या सरकारी दारूच्या दुकानांनी अमेरिकन वाइन-व्हिस्की काढून टाकली तेव्हा रिकाम्या फळ्यांसमोर उभे राहून लोक फोटो काढत होते. बाजूला एक म्हातारी बाई शांतपणे म्हणाली, “माझी बहीण केंटकीला असते.”

नोव्हाय, मिशिगन

मी अमेरिकेच्या बाजूने लिहिते आहे. गाड्यांच्या सुट्या भागांच्या क्षेत्रात आहे. आमच्याकडे एखादा भाग पूर्ण गाडीत बसेपर्यंत अनेकदा सीमा ओलांडतो: इथे ओतकाम, तिकडे मशिनिंग, पुन्हा इथे जोडणी. १९६५ च्या ऑटो करारापासून हे असंच चालत आलंय. आमच्या कामात विन्झर म्हणजे परदेश नाही, नदीपलीकडचा विभाग आहे. आमचे पुरवठादार माझ्या मुलाच्या मुंजीला आले होते.

फेब्रुवारीतली गोष्ट. नेहमीची आठवड्याची कॉल मीटिंग, आमच्याकडून सहा जण, तिकडून चार. आमचा एक सहकारी, स्वभावाने अगदी चांगला माणूस, सुरुवातीलाच हसत म्हणाला, “काय, एक्कावन्नावं राज्य कसं आहे?” आमच्याकडे दोघे-तिघे हसले. पलीकडे शांतता. त्यांच्यातला जो सगळ्यांत बडबड्या, तो म्हणाला, “अजेंडा घेऊ या का?” आणि पुढचा अर्धा तास फक्त कामाचं बोलणं. ना हवा, ना हॉकी, ना मुलं. मीटिंग संपली तरी आमच्याकडे एकालाही जाणवलं नव्हतं की काहीतरी झालंय.

मला जाणवलं, कारण ती शांतता मी ओळखते. घरात मोठा दीर सहज काहीतरी बोलून जातो आणि धाकट्या जावेचा वाढता हात थांबतो, तशी ती होती. मी नंतर त्या गृहस्थांना फोन केला. ते म्हणाले, “तो वाईट नाहीये गं, ते मला माहीत आहे. पण त्याला हे गमतीचं वाटतं, हेच तर दुखतं.”

कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान पियरे ट्रुडो १९६९ साली वॉशिंग्टनमध्ये म्हणाले होते की तुमच्या शेजारी राहणं म्हणजे हत्तीशेजारी झोपण्यासारखं आहे, तो कितीही शांत स्वभावाचा असला तरी त्याची प्रत्येक हालचाल आणि हुंकार आम्हाला जाणवतो. मला यात भर घालावीशी वाटते: हत्तीला शेजारी कुणी झोपलंय हेच आठवत नाही. माझ्या ऑफिसातल्या लोकांना कॅनडा आवडतो. विचाराल तर सगळे कौतुकच करतील. पण सबंध वर्षात कॅनडाने आमच्यावर उलट शुल्क का लावलं, हे मला एकानेही विचारलं नाही.

बॅरी, ऑन्टारियो

वय ७१. फ्लोरिडात नऊ हिवाळे काढले. या वर्षी नाही. तीस दिवसांहून जास्त राहायचं तर आता नावनोंदणी करा म्हणतात. नियम आहे, देशाला तो अधिकार आहे, वाद नाही. पण शेजारच्या घरी रोज चहाला जाणाऱ्याला एक दिवस दारात नाव-गाव विचारलं की माणूस चहा घरीच पितो. सांधे दुखतात. बर्फ काढायला एक मुलगा लावला आहे.

विन्झर, ऑन्टारियो

नोव्हायच्या ताई, तुमचं वाचून अंगावर काटा आला. मी नदीच्या या काठावर राहते आणि त्या काठावर काम करते. नर्स आहे. विन्झरहून शेकडो नर्सेस रोज डेट्रॉइटला जातात. पहाटे पावणेसहाला निघायचं, टनेल किंवा पूल, सातला ड्यूटीवर. नवीन आलेल्यांना एक गंमत सांगते: आमच्या इथे कॅनडा दक्षिणेला आणि अमेरिका उत्तरेला आहे. आम्ही ‘स्टेट्समध्ये खाली’ जात नाही, वर जातो.

मी बेळगावची. सीमाप्रश्न आमच्या ताटात वाढलेला असायचा. भाषणं, बंद, काळा दिवस सगळं पाहिलंय. आणि त्याच गल्लीत शेजारच्या कन्नड काकू माझी वेणी घालायच्या, त्यांच्या हातच्या होळग्या मी पोटभर खाल्ल्यात. त्यामुळे व्यासपीठावरची सीमा आणि गल्लीतली सीमा वेगळी असते, हे मला कुणी शिकवायला नको. असं मला वाटायचं.

मार्चमध्ये आमच्या गल्लीतल्या एका बाईने मला विचारलं, “तू अजून तिकडे जातेस?” आवाज चढवून नाही, अगदी सहज. पण मी घरी येऊन रडले. कोव्हिडमध्ये सीमा बंद होती तेव्हा आम्हा नर्सेसना जाऊ देत होते, आणि तेव्हा हीच बाई दारात उभी राहून थाळी वाजवायची. माझे पेशंट कोण आहेत? सत्तर-ऐंशी वर्षांची माणसं, काहींना तर मी कॅनडाहून येते हेही ठाऊक नसतं.

ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यातल्या एका आजोबांचं सांगते. जुने ऑटो कामगार. रक्त काढताना त्यांनी माझ्या बिल्ल्यावरचं छोटं मेपलचं पान पाहिलं. म्हणाले, “लहानपणी मी तुमच्या बाजूला मासे धरायला यायचो, नाव नेऊन बांधली की झालं, कोणी विचारायचं नाही.” मग थोड्या वेळाने, “आमच्यामुळे तुला काही ऐकावं लागतं का?” मी नाही म्हटलं. खोटं बोलले. त्यांनी दुसरा हात माझ्या हातावर ठेवला. सुई आत होती, मला हलता येत नव्हतं. मी तशीच उभी राहिले.

कॅलगरी, अल्बर्टा

सगळ्यांचं वाचतोय. भावना पोचल्या. पण ‘कॅनडियनांचं मत’ म्हणून इथे जे उमटतंय ते मुख्यतः ऑन्टारियोचं आणि किनाऱ्याचं आहे, हे कुणीतरी सांगायला हवं, म्हणून लिहितो.

आमच्याकडचं बहुतेक सगळं तेल अमेरिकेत जातं. पाइपलाइनी दक्षिणेकडे वळलेल्या आहेत, कारण पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे टाकायच्या म्हटल्या तेव्हा आपल्याच देशातल्या लोकांनी वर्षानुवर्षं अडवल्या. तेव्हा ‘एल्बोज अप’ (कोपरं वर, म्हणजे अमेरिकेपुढे ठाम उभे राहा, ही यंदाची घोषणा) कुठे होतं? माझ्या साइटवरच्या माणसांचे भाऊ, मेहुणे टेक्सासमध्ये आणि नॉर्थ डकोटात आहेत. ते दुकानात लेबल वाचत नाहीत आणि त्यांना देशद्रोहीही वाटत नाही. काहींचं तर म्हणणं आहे की संरक्षणावर आपण इतकी वर्षं हात आखडता घेतला, नाटोने ठरवलेले दोन टक्केही खर्च केले नाहीत, तेव्हा समोरचा बोलणारच.

विलीनीकरण मात्र माझ्या ओळखीत फार थोड्यांना हवंय. ओटावावर, म्हणजे आपल्या केंद्र सरकारवर, राग असणं वेगळं आणि वॉशिंग्टनखाली जाणं वेगळं. माझा फोरमन, पक्का ओटावाविरोधी, एक्कावन्नाव्या राज्याचं नाव काढलं की लाल होतो. म्हणतो, “माझं भांडण माझ्या घरातलं आहे.”

मिसिसागा (धागाकर्ती)

कॅलगरीकर, तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत. पाइपलाइनीचा मुद्दा मला पटतो. आम्ही इकडे त्याचा विचारच केला नव्हता. देशभक्तीच्या नावाखाली कुणी कुणाची टोपली तपासू नये, हेही खरं. पण संरक्षणखर्चाचं उत्तर शेजाऱ्याला ‘तू माझ्यात विलीन हो’ हे असू शकत नाही. इथे मी तुमच्याशी सहमत नाही.

मूळ मडगाव, सध्या टोरोंटो

विलीन हा शब्द आला म्हणून लिहितो. आमच्या गोंयकारांसाठी तो पुस्तकातला शब्द नाही.

१६ जानेवारी १९६७, जनमत कौल. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळं राहण्याची निशाणी दोन पानं. आमच्या घरात बाबा फुलाचे आणि काका दोन पानांचे. दोघेही मराठी वाचणारे, दोघेही एकाच देवळात भजनाला बसणारे. कौल लागला तेव्हा १,७२,१९१ मतं दोन पानांना आणि १,३८,१७० फुलाला पडली. बाबा दोन दिवस जेवले नाहीत, असं आई सांगायची. पण पुढे ते कधीही म्हणाले नाहीत की निकाल चुकीचा लागला. म्हणायचे, “लोकांक विचारलें, लोकांनी सांगलें.”

महाराष्ट्रातल्या मित्रांना राग येऊ नये, पण मोठ्या घराला खरोखर वाटत असतं की आपण प्रेमाने बोलावतोय. भाषा जवळची, देव जवळचे, मग वेगळं राहायचा हट्ट कशाला? धाकट्या घराला त्याच बोलावण्यात स्वतःचं नाव पुसलं जाताना दिसतं. कॅनडातल्या इंग्रजी बोलणाऱ्या माणसाकडे आणि अमेरिकन माणसाकडे पाहून कुणीही म्हणेल, यांच्यात फरक तो काय? फरक जेवढा बारीक, तेवढा तो जपावा लागतो. हे मला मडगावात कळलं, टोरोंटोत फक्त पुन्हा दिसलं.

एक गोष्ट मात्र वेगळी आहे. आम्हाला विचारलं होतं. इथे कुणी विचारलं नाही, नुसतं बोलत राहिले. अँगस रीड या इथल्या जनमत चाचणी संस्थेने जानेवारीत पाहणी केली तेव्हा दहांतले नऊ जण नको म्हणाले.

सहज आठवलं: दोन पानांच्या बाजूचे काका आज असते तर इथल्या झेंड्यावरचं पान बघून खूश झाले असते.

माँट्रियाल, क्युबेक

आई पुण्याहून आली होती मे महिन्यात. तिला स्टॅन्स्टेडला नेलं. तिथे एक ग्रंथालय आहे, हॅस्केल, १९०४ सालचं. इमारत मुद्दाम सीमेवर बांधलेली. वाचनखोलीच्या लाकडी जमिनीवर काळी पट्टी आहे, इकडे क्युबेक, तिकडे व्हरमॉन्ट. वरच्या मजल्यावर नाट्यगृह आहे, त्यात रंगमंच कॅनडात आणि बहुतेक प्रेक्षक अमेरिकेत बसतात.

पुढचं दार अमेरिकेत. शंभराहून जास्त वर्षं कॅनडियन लोक फुटपाथवरून चालत जाऊन त्या दाराने आत जायचे, पासपोर्ट-बिसपोर्ट काही नाही. २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकन अधिकाऱ्यांनी त्यावर निर्बंध आणले. ग्रंथालयाने आमच्या बाजूचं आपत्कालीन दार उघडून दिलं आणि नीट दार करण्यासाठी वर्गणी गोळा केली. आम्ही गेलो त्या दाराने.

आई पट्टीपाशी बराच वेळ उभी होती. चपला बाहेर काढून आली होती, ग्रंथालय म्हणजे सरस्वतीचं घर म्हणून. मोजे घातलेला एक पाय उचलून तिने पट्टीपलीकडे ठेवला, पुन्हा अलीकडे घेतला. मग तिथल्या बाईंना मोडक्या इंग्रजीत विचारलं, पुस्तकं कुठल्या बाजूला आहेत? त्या म्हणाल्या, दोन्ही. आईचं समाधान झालं.

आमचे क्युबेकवाले शेजारी दर उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मेन राज्यात समुद्रावर जायचे, ओल्ड ऑर्चर्ड बीचला. पिढ्यान्‌पिढ्या तेच मोटेल. या वर्षी क्युबेकमधल्याच गास्पेला गेले. पाणी फार थंड होतं म्हणाले.

वॉटर्लू, ऑन्टारियो

माझी बाजू थोडी अडनिडी आहे. न्यू जर्सीत बारा वर्षं राहिलो, एच-वन-बीवर. जुलै २०२३ मध्ये कॅनडाने एच-वन-बी धारकांसाठी १०,००० परवाने खुले केले. दोन दिवसांच्या आत संपले. आम्हाला त्यात मिळाला आणि आम्ही इकडे आलो.

इथे ऑफिसात अमेरिकेबद्दल कुणी कडवट बोललं की माझ्या पोटात कालवतं. त्या देशाने मला पहिली नोकरी दिली, माझी मुलगी तिथे जन्मली, ती अमेरिकन नागरिक आहे. एडिसनमधल्या आमच्या घराखाली राहणाऱ्या आजींनी, सिसिलीहून आलेल्या, माझ्या बायकोचं बाळंतपण स्वतःच्या मुलीसारखं केलं. शाळेत एका मुलाने लेकीला म्हटलं, “तू अमेरिकन आहेस ना, मग परत जा.” सात वर्षांची मुलं! शिक्षिकेने नीट हाताळलं. त्या मुलाची आई घरी येऊन माफी मागून गेली, सोबत बटर टार्ट्स घेऊन. तिचाही जीव तुटत होता.

पण पोरगी त्या दिवसापासून जन्मगाव सांगत नाही. कॅनडियन लोक फार सभ्य आहेत, हे मी मनापासून म्हणतो. म्हणूनच दुखावलेल्या सभ्य माणसांच्या घरातली मुलं काय उचलतात, याकडे लक्ष द्या, ही हात जोडून विनंती.

हॅलिफॅक्स, नोव्हा स्कोशिया

वॉटर्लूच्या भावाचं वाचून राहवलं नाही. आमच्या गावातली गोष्ट सांगतो.

६ डिसेंबर १९१७ ला हॅलिफॅक्सच्या बंदरात दारूगोळ्याने भरलेलं जहाज दुसऱ्या जहाजावर आदळून फुटलं. जवळपास २,००० माणसं गेली, हजारोंच्या डोळ्यांना काचांनी इजा झाली. दुसऱ्या दिवशी बर्फाचं वादळ. बॉस्टनहून त्याच रात्री डॉक्टर, नर्सेस आणि सामान घेऊन आगगाडी निघाली. १९७१ पासून नोव्हा स्कोशिया दरवर्षी बॉस्टनला नाताळचं झाड भेट पाठवतं. शोधून, निवडून, चाळीस-पन्नास फुटांचं. ज्याच्या अंगणातलं झाड निवडलं जातं, तो मोबदला घेत नाही.

या वर्षी आमच्या चहाच्या टेबलावर कुणीतरी म्हणालं, यंदा पाठवू नये. मी या गावात अठरा वर्षं आहे, मला वाटलं आता वाद होईल. आमच्यातला सर्वांत वयस्कर, ज्याची आजी त्या स्फोटात एका डोळ्याने आंधळी झाली होती, तो नुसता म्हणाला, “झाड बॉस्टनला जातं.” विषय संपला. झाड गेलं.

आणि ११ सप्टेंबर २००१? अमेरिकेचं आकाश बंद झालं तेव्हा न्यूफाउंडलंडमधल्या गँडर या दहाएक हजार वस्तीच्या गावात ३८ विमानं उतरली, प्रवासी आणि विमान कर्मचारी मिळून साडेसहा हजारांवर माणसं. गावाने त्यांना घरी नेऊन जेवू घातलं, आंघोळी घातल्या. इथली माणसं हे उपकार म्हणून सांगत नाहीत. पण ‘आम्हाला कॅनडाची गरज नाही’ हे वाक्य टीव्हीवर ऐकलं, तेव्हा गँडरची एक बाई दवाखान्यात माझ्यासमोर बसली होती. काही बोलली नाही. उठून टीव्हीकडे पाठ करून बसली.

हॅमिल्टन, ऑन्टारियो

पोलादाच्या कारखान्यात आहे. जूनमध्ये शुल्क २५ वरून ५० टक्के झालं. आमच्या पाळीतले अकरा जण घरी आहेत. मी अजून कामावर आहे. जास्त लिहवत नाही. खाली माझी बहीण लिहील, तिला मीच लिंक पाठवली.

बफेलो, न्यूयॉर्क

वरच्याची मोठी बहीण. आम्ही पीस ब्रिजच्या दोन अंगांना राहतो, गाडीने तासा-सव्वा तासाचं अंतर. चौदा वर्षं भाऊबीज माझ्याकडे होते. या वर्षी तो म्हणाला, “ताई, राग तुझ्यावर नाही. पण मी पूल ओलांडणार नाही.” मी वाद घातला नाही. त्याच्या पाळीतले अकरा जण कोण, ते मला नावानिशी माहीत आहेत. त्यांच्या बायकांना मी हळदीकुंकवाला भेटले आहे.

मग मीच गेले. २३ ऑक्टोबर, गुरुवार, अर्धा दिवस रजा टाकली. फोर्ट एरीच्या नाक्यावर कॅनडाच्या तरुण अधिकाऱ्याने विचारलं, कशासाठी येताय? मी म्हटलं, भावाला ओवाळायला. त्याला कळेना, म्हणून शेजारच्या सीटवरचं ताट दाखवलं: निरांजन, सुपारी, अक्षता, करदोटा. म्हणाला, “आणि तुमच्या न्यूयॉर्कच्या नंबरप्लेटला रस्त्यात कुणी त्रास दिला तर?” मला वाटलं दरडावतोय. तो खरंच काळजीने विचारत होता. म्हणाला, “देणार नाहीत. पण दिला तर सांगा की भावाकडे चाललेय.”

ओवाळलं. जेवलो. त्याने ओवाळणी म्हणून पाकीट पुढे केलं. कामाचं काय होईल माहीत नसताना त्याने त्यात नेहमीएवढेच पैसे घातले होते. मी घेतले. नाही म्हटलं असतं तर त्याला लागलं असतं.

रात्री अकराच्या सुमारास भांडी आवरत होतो तेव्हा त्याच्या फोनवर बातमी आली: ऑन्टारियो सरकारच्या एका शुल्कविरोधी जाहिरातीवरून अमेरिकेने कॅनडाबरोबरची व्यापाराची बोलणी मोडली. त्याने वाचलं, फोन उलटा ठेवला आणि उरलेली पातेली पुसायला घेतली. वहिनीने चकल्यांचा डबा माझ्या पिशवीत भरला. मी माझा लाडवांचा डबा त्यांच्या ओट्यावर तसाच ठेवला. तो म्हणाला, “रिकामा करून देतो ना, आत्ताच घेऊन जा.” मी म्हटलं, राहू दे, संक्रांतीला न्यायला येईन.